संत्र्यांबरोबर येणारी सवत

माझी सवत दरवर्षी संत्र्यांबरोबर येते.

ऑक्टोबर उतरणीला लागतो. दुपारचा चटका कायम असतो, पण पहाटे पायाशी पडलेली चादर झोपेतच गळ्यापर्यंत ओढली जाते. खिडकीतल्या कूलरला जुनं प्लास्टिक गुंडाळून होतं आणि नागपुरात मनीषनगरच्या आमच्या कोपऱ्यावर आंबिया बहाराच्या संत्र्यांचा पहिला ठेला लागतो. ही संत्री अजून पुरती पिकलेली नसतात. देठाकडे हिरवी, चवीला दात आंबवणारी. शहाणा माणूस आणखी थोडे दिवस थांबतो. आमचे हे थांबत नाहीत. सकाळी फिरायला म्हणून जातात आणि पिशवी घेऊन येतात. चपला काढायच्या आधी एक संत्रं निवडतात, नळाखाली धुतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात आणि हॉलमधल्या फळीवर त्या फोटोसमोर नेऊन ठेवतात. पिशवी मग माझ्याकडे येते. चाळीस वर्षांत पहिलं संत्रं कधी माझ्या हातात पडलेलं नाही.

फोटोतली बाई या देशाची पंतप्रधान होती. डोक्यावर पदर, खांद्यावर शाल, आणि नजर अशी की आपण स्वयंपाक बिघडवला आहे हे तिला आधीच कळलेलं आहे. दिवाळी नुकतीच होऊन गेलेल्या एका सकाळी तिला तिच्याच अंगणात, तिच्याच पहारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. त्यावर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला राजकारणातलं कळत नाही आणि ती चांगली होती की वाईट, यावर आमच्या घरात जेवताना बोलायची बंदी आहे, कारण जावई दुसऱ्या विचारांचे. मला एवढंच सांगायचं आहे की ती गेली त्या महिन्यात मी नवी नवरी होते आणि तिनं माझा नवरा नेला. परत दिला, पण होता तसा नाही दिला.

मृत माणसाचा हेवा करू नये म्हणतात. का करू नये? जिवंत सवत असती तर एव्हाना तिचेही गुडघे दुखले असते, तिलाही साखर झाली असती, भांडून भांडून दोघी थकलो असतो. ही मात्र आहे तशीच आहे. मी जाड झाले, माझे दात गेले, चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि ती फळीवरून तशीच बघते आहे, शालीची घडीसुद्धा मोडलेली नाही. अशा बाईशी कोण आणि कशी बरोबरी करणार?

खरं सांगायचं तर भांडण केसांवरून आहे.

हे मला पाहायला आले तेव्हा रीतीप्रमाणे मी मान खाली घालून बसले होते. पोह्यांची बशी देताना मान वर केली आणि पहिल्यांदा दिसले ते केस. काळेभोर, दाट, कपाळावरून मागे वळवलेले. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी, काटोलकडे शेती, घरची संत्र्याची बाग, हे सगळं वडिलांनी विचारून घेतलं. मला कोणी विचारलं असतं तर मी केस बघून हो म्हटलं असतं. लग्न झाल्यावर रविवारी मी त्यांच्या डोक्याला तेल लावायची. खोबरेल कोमट करून, क्वार्टरच्या मागच्या पायरीवर त्यांना बसवून. कॉलनीत सगळ्या वस्तूंवर कोळशाची बारीक काळी पूड बसायची, दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा. ती केसांतही असायची, तेलात मिसळून माझ्या बोटांना लागायची. उशीचे अभ्रे कितीही धुतले तरी डाग जायचे नाहीत. नव्या संसारातलं माझं सगळ्यात आवडतं काम ते होतं, आणि ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

त्या पायरीवरच मला संत्र्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकायला मिळाली. हे तरुण होते, मिसरूड फुटायच्या वयाचे. निवडणुकीच्या प्रचाराला बाई काटोलकडे आल्या होत्या, उघड्या जीपमधून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, कोणाच्या हातात हार, कोणाच्या हातात निवेदन. यांच्या हातात काहीच नव्हतं. बागेतून धावत आलेले, खिशात एक संत्रं होतं. ते यांनी सोललं, शिरा काढल्या आणि तळहातावर ठेवून हात वर केला. जीप हळू झाली. बाईंनी वाकून एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. जीप गेली.

"बाकीच्या संत्र्याचं काय केलं?" मी विचारलं.

"घरी नेलं. मायनं देवापाशी ठेवलं."

"अन् आंबट होतं का गोड?"

"झाडाचा पयला तोडा होता वं. आंबटच असंन," हे म्हणाले. "पन बाईनं तोंड नाही वाकडं केलं."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पाहुणे आले की ही गोष्ट, संत्री आली की ही गोष्ट. पोरांना झोपवताना राजाराणीच्या जागीही हीच गोष्ट. आणि शेवटी नेहमी तेच, तोंड नाही वाकडं केलं. मी मात्र यांनी आणलेल्या पहिल्या आंबट संत्र्याला दरवर्षी चांगलं तोंड वाकडं करून दाखवते.

ती गेली त्या दिवशी घरात फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते. माझी पहिली दिवाळी. नागपूरच्या महाल भागातल्या माहेरी दिवाळसण करून आम्ही परतलो होतो, जावयाला सासऱ्यांनी दिलेलं सुटाचं कापड शिंप्याकडे टाकायचं होतं, दारातली रांगोळी पुसट झाली होती. दुपारपासून कॉलनीत कुजबुज सुरू झाली. बायका ओट्यांवर आल्या, रेडिओचे आवाज वाढले, पण रेडिओ काही धड सांगेना, नुसतं वाद्यसंगीत वाजवत राहिला. हे पहिल्या पाळीहून आले ते सायकल भिंतीला न टेकवता आडवी टाकूनच आत आले. मोरीपाशी बसले. मी पाणी दिलं, तांब्या तसाच राहिला. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं तेव्हा यांनी पदराला, म्हणजे माझ्या पदराला, तोंड पुसलं. नवऱ्याला मी रडताना पहिल्यांदा पाहिलं. माझं मन फाटलं, हे खरं. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, माझ्यासाठी असा रडेल का हा? हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवसापासून यांनी सुतक धरलं. घरचं माणूस गेल्यासारखं, रीतसर. फोडणी बंद, तळण बंद, फराळाच्या डब्यांना हात नाही. माझ्या हातच्या पहिल्या चकल्या डब्यात मऊ पडल्या. झोपायला जमिनीवर चटई, तीही पुढच्या खोलीत. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं हो! मी मागच्या खोलीत, हे पुढच्या खोलीत, आणि मध्ये दिल्लीची बाई. आईला हे सांगायला गेले असते तर ती हसली असती की रडली असती, कोण जाणे. मी कोणालाच सांगितलं नाही.

कॉलनीत एका साहेबांच्या घरी टीव्ही होता. अंत्ययात्रा बघायला सगळे तिथे गेले, खिडकीच्या गजांना धरून बाया उभ्या होत्या. अग्नी दिला तसे हे उठले आणि पुरुषांच्या एका घोळक्याबरोबर नदीवर गेले. परत आले तेव्हा मी त्यांना ओळखलं नाही. दारात एक माणूस उभा, डोक्याचा गोटा, ओठावरची मिशी गेलेली, कान मोठे दिसणारे. केस तर गेलेच, मिशीही. घोळक्यातल्या बाकीच्यांनी निदान मिशा ठेवल्या होत्या. आपल्याकडे मिशी केव्हा काढतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. यांचे आईवडील काटोलकडे धडधाकट होते, बागेत राबत होते, आणि हा माणूस पोरक्यासारखा मिशी उतरवून आला होता.

मी विचारलं, "काहून असं केलं?"

"आपलं मानूस गेलं तं करा लागते," हे म्हणाले आणि अंघोळीला गेले.

आपलं माणूस! मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. तेलाची वाटी तिथेच कोनाड्यात होती. ती मी उचलून आत फळीवर मागे सारली.

पण जे व्हायचं होतं ते यापुढचंच. यांच्या गावचा कोणी माणूस नागपूरहून एसटीनं परत जाताना त्याला रस्त्यात हे दिसले. खिडकीतून. हाक मारेपर्यंत गाडी पुढे गेली. गोटा आणि मिशी नाही, म्हणजे काय झालं ते उघड आहे. त्यानं गावात उतरून सांगितलं की म्हातारा गेला, पोराकडे गेला असेल आणि तिथेच काही झालं असेल. झालं. आळीतल्या चार बायका पदर डोक्यावर ओढून, कोपऱ्यापासूनच गळा काढत सासूबाईंच्या दारात आल्या. सासूबाई अंगणात संत्री निवडत बसल्या होत्या. बायकांनी त्यांना मिठ्या मारल्या. "कसा गेला वं माय बुढा!" सासूबाईंना वाटलं, सकाळी डबा घेऊन बागेत गेलेला माणूस बागेतच पडला. संत्री तशीच सोडून, अनवाणी, बांधाबांधानं त्या धावत सुटल्या. मागे रडणाऱ्या बायका. बागेत सासरे झाडाखाली बसून चहा पीत होते. बायकांची रांग बघून तेच घाबरले आणि विचारलं, "कोन गेलं वं?"

हे मला सासूबाईंनीच सांगितलं, दुसऱ्याच दिवशी खापरखेड्याला येऊन, आमच्या स्वयंपाकघरात उकिडव्या बसून. सांगताना हसत होत्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर सासरे संत्र्यांची थैली मध्ये ठेवून मुलासमोर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मी जिता हावो ना गा?" यांनी मान खाली घातली. सासऱ्यांनी हात लांब करून त्या गोट्यावरून फिरवला, तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवावा तसा.

सासूबाई मात्र बोलल्या, मला. आवाज खाली करून. "पाहून ठेव वं सुमन. पयले केस तिले गेले. माहे होते ते. मायसाठी पोरगा केस देते, ते मायच्याच हक्काचे असतात. माही माय म्हनून त्यानं दुसरीच धरली." थोडं थांबून म्हणाल्या, "मी मरीन तं मले दुसरे भेटतीन. तुह्या पाळीले काय रायते पाहय."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही. एका बाईवर जळणाऱ्या दोघी जणी एका चुलीपाशी बसल्या की फार लवकर मैत्री होते. सासूबाईंशी माझं पुढे कधीच भांडण झालं नाही, त्याचं श्रेय मी फोटोतल्या बाईलाच देते. तिची माझ्यावर तेवढीच मेहरबानी.

आता मला ती संध्याकाळ सांगायला हवी, जी आठवली की माझा हेवा जरा खाली मान घालतो, पण जात नाही.

आमच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून, करतारसिंग सरदारजींचं क्वार्टर होतं. कोळशाच्या यार्डात क्रेन चालवायचे. त्यांची बायको परमजीत माझ्याहून थोडी मोठी, माझ्याकडून ब्लाऊज शिवून घ्यायची. रविवारी हे पायरीवर बसून माझ्याकडून तेल लावून घेत तेव्हा पलीकडच्या अंगणात सरदारजी केस धुऊन, मोकळे सोडून, खुर्चीच्या पाठीवरून उन्हात वाळत घालायचे. कमरेपर्यंत केस. दोघांची भिंतीवरून गंमत चालायची. हे म्हणायचे, "सरदारजी, आधे मुझे दे दो," आणि ते म्हणायचे, "तेरे क्या कम हैं?"

बाईंना मारणारे शीख होते, हे कळल्यापासून दिल्लीकडच्या बातम्या यायला लागल्या. गाड्यांमधून उतरवून काय केलं, घरांना काय केलं. आमच्याकडे काही घडलं नव्हतं, पण किराणा दुकानदारानं परमजीतला माल देताना तिच्याकडे पाहिलं नाही, असं तिनं मला सांगितलं होतं. सरदारजी घराबाहेर पडत नव्हते. आणि सासू-सासरे गावाला परत गेले त्या संध्याकाळी परमजीत भिंतीपलीकडून मला हळू आवाजात म्हणाली, "भाभी, वो कपडे काटने की कैंची दोगी?"

मी विचारलं, काय कापायचंय? तिनं स्वतःच्या खांद्यावरून हात खाली कमरेपर्यंत नेला आणि घराकडे मान केली.

माझ्या हातात कात्री होती. मी द्यायलाही निघाले होते, काय करावं ते सुचत नव्हतं. हे मागून आले. सगळं ऐकलं असावं. माझ्या हातातून कात्री घेतली, कोनाड्यात ठेवली, आणि भिंतीपलीकडे म्हणाले, "भाभी, कैंची नहीं मिलेगी. दोन घरांत मिळून एकाचे गेले ना, बस झालं." मग आपली सुतकाची चटई काखेत मारून समोरच्या रस्त्यानं वळसा घालून गेले आणि सरदारजींच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, बसले.

दिवे लागायच्या वेळी घोषणा देत घोळका आला. त्यात नदीवर यांच्याबरोबर गेलेले होते, तसेच गोटे केलेले. मी आमच्या दारात उभी होते. ओट्यावर यांना बघून घोषणा थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "तू इथी काय करून राहिला बे?"

"सुतक पाळून राहिलो," हे म्हणाले. "तुमाले पाळाचं असंन तं बसा. नाही तं जा."

सुतकातल्या माणसाला हात कोण लावणार? त्यांच्यातल्या कोणाची मिशी गेली नव्हती, यांची गेली होती. दुःखात हा माणूस त्यांच्या पुढे होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. दोघे तिघे खरंच पायरीवर टेकले, उगाच बिड्या ओढल्या. बाकीचे पांगले. मग तेही उठून गेले. तेरवी होईपर्यंत हे पाळी संपली की त्या ओट्यावर असायचे. परमजीत यांना चहा द्यायची, हे सुतक म्हणून बिनसाखरेचा प्यायचे. पुढच्या रविवारी सरदारजींनी केस धुतले आणि उन्हात सोडले, कमरेपर्यंत, सगळेच्या सगळे. यांनी भिंतीवरून पाहिलं, पण या वेळी गंमत केली नाही. मीही पाहिलं.

मला अभिमान वाटला का? वाटला. अजून वाटतो. पण मी त्या दारात उभी होते तेव्हा मला कळत होतं की हा माणूस माझा असला तरी हे धैर्य माझं नाही. ते त्याला तिच्याकडून आलं होतं. माझ्या नावानं तो कुठल्या ओट्यावर बसला नाही. तशी वेळ आली नाही हे माझं नशीब, असं शहाणी बाई म्हणेल. मी तेवढी शहाणी नाही. मला वाटायचं, एकदा यावी ती वेळ.

केस परत आले, पण पूर्वीचे नाहीत. पातळ, मऊ, कपाळ मोठं झालेलं. मग सासूबाई गेल्या तेव्हा पुन्हा गेले, सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या वाट्याचे. मी त्या दिवशी रडले, पण मनातल्या मनात म्हटलं, तुम्हाला मिळाले एकदाचे. त्यानंतर आले ते नुसते कानांवर. आता तेही नाहीत. काही अडलं की हे पूर्वी केसांतून बोटं फिरवायचे, ती सवय गेली नाही. हात डोक्यावर जातो, गुळगुळीत जागेवरून फिरतो आणि खाली येतो. ते बघितलं की मला सासूबाईंचं वाक्य आठवतं. माझ्या पाळीला काही राहिलेलं नाही.

आणि तो उपास. बाई गेल्या तो दिवस हे दरवर्षी पाळतात, पाण्याशिवाय काही घेत नाहीत, दिवेलागणीला फोटोसमोरचं तेच संत्रं सोलून त्यावर सोडतात. ताप असला तरी. मुलीचा साखरपुडा नेमका त्या दिवशी आला तेव्हा पंगतीत वाढत फिरले, व्याह्यांना आग्रह केला, स्वतः घास घेतला नाही. आमच्या लग्नाचा वाढदिवस मात्र मुलं फोन करतात तेव्हा कळतो. कळला की म्हणतात, "हाव का?" बस, तेवढंच.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. रामदासपेठेतल्या एका इस्पितळात. छाती उघडून शिवली. आत नेण्याआधी हे माझ्या कॉटपाशी उभे होते, हात डोक्यावरून फिरवत. मी त्यांना म्हटलं, "काळजी करू नका. काही झालं तरी तुमाले न्हाव्याकडे जा लागत नाही." माझी मुलगी रागावली, असं काय बोलतेस म्हणून. हे हसले नाहीत.

मी वाचले, पण अन्नावरची वासना गेली. तोंडाला चव नाही, घास फिरायचा. भंडाऱ्याकडची एक परिचारिका होती, गोड पोरगी, रोज विनवायची. "काकू, असं नाही खाल्लं तं टाके कसे भरतीन?" मी मान फिरवायची. मला खरंच वाटत होतं की पुरे झालं आता. एका दुपारी खिडकीतून तिरपं ऊन आलेलं, पलीकडच्या खाटेवरची बाई झोपलेली. हे पिशवीतून संत्रं काढून सोलायला बसले. सालीचा वास आला, डोळ्यांत जाणारा. औषधांच्या त्या वासात पहिल्यांदा मला बाहेरचं काही आठवलं. हे एकेक शीर काढत होते. इतक्या वर्षांत यांनी माझ्यासाठी संत्रं सोललं नव्हतं, सोलणारी मीच. फोड माझ्या ओठांशी धरली.

तेव्हा मला कळलं, आज तो दिवस आहे. यांच्या ओठांना कोरड पडलेली होती. सकाळपासून उपाशी.

का कोण जाणे, चाळीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. मी तोंड मिटलं आणि म्हटलं, "पयली तुमी खा. तं मी खाईन."

"आज..." हे म्हणाले.

"मले माहीत हाय आज काय हाय."

परिचारिकेला काही कळलं नाही. ती म्हणाली, "खा ना काका, काकू तेवढ्यासाठी खातीन." हे फोडीकडे बघत बसले. हात डोक्यावर गेला, फिरला, खाली आला. मी बघत होते. मला त्या वेळी जगायचं होतं की नाही, ते त्या फोडीवर होतं, हे मी आज उघड सांगते. ती फोड तिची होती. ती माझी होते का, एवढंच मला बघायचं होतं.

यांनी फोड तोंडात टाकली. डोळे मिटून.

डोळे का मिटले, ते मी अजून विचारलेलं नाही. आंबट असेल म्हणून मिटले असतील. मग उरलेलं संत्रं मी खाल्लं, एकेक फोड करून, सगळं. फारच आंबट होतं, दातांतून कळ डोक्यात गेली. पण हे माझ्याकडे बघत होते, आणि मी तोंड वाकडं केलं नाही.

आता पुन्हा ठेला लागला आहे. परवा पिशवी आली, पहिलं संत्रं धुऊन, पुसून फळीवर गेलं. आज तो दिवस. सकाळी मी चहाला आधण ठेवलं, एकाच कपाचं, दरवर्षीच्या सवयीनं. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय?" मी म्हटलं.

"यंदा उपास धरू का वं?"

इतक्या वर्षांत या माणसानं मला हे कधी विचारलं नव्हतं. चहा उकळू दिला, गाळला, कप हातात घेतला. हॉलमध्ये फोटोतली बाई तशीच बघत होती, शालीची घडी न मोडता. तिला वाट बघू दे की जरा.

"धरा," मी म्हटलं. "पन संध्याकाळी सोडाले संत्रं मी सोलीन."

हे गेले. मी फोटोसमोर जाऊन उभी राहिले आणि तिला सांगितलं, केस तुझे, बाई. त्यावर माझा काही दावा नाही. फोड माझी.